रिंगणातले तोतये

कॅपकॉम कंपनीचा ‘फायनल फाइट’ हा गेम १९८९ साली जपानच्या आर्केडांत आला. त्यात आन्दोरे नावाचा एक गुंड आहे. डोक्यावर केसांचं रान, दाराच्या चौकटीत मावणार नाहीत असे खांदे, आणि अंगावर येण्याची रीत अशी की समोरच्याने आपणहून वाट सोडावी. तो एकटा येत नाही. धाकटा येतो, काका येतो, बाप येतो, आजोबाही येतात; चेहरेपट्टी सगळ्यांची एकच, फक्त पोशाखाचा रंग निराळा. व्यावसायिक कुस्तीचे कार्यक्रम पाहिलेल्या कोणालाही हा मूळचा कोण ते सांगावं लागत नाही. ज्याच्या उंचीची सात फूट चार इंच अशी जाहिरात व्हायची, तो फ्रान्सचा आंद्रे द जायंट त्या काळी जपानमध्येही चांगलाच गाजलेला होता. शिवाय ‘आंद्रे’ हे नाव जपानी लिपीत लिहिलं की त्याचा उच्चार ‘आन्दोरे’ असाच होतो. म्हणजे नाव बदलण्याचीही तसदी कोणी घेतलेली नव्हती. आंद्रे १९९३ च्या जानेवारीत वारला. पुढे १९९७ मध्ये ‘स्ट्रीट फायटर थ्री’च्या दुसऱ्या आवृत्तीत हाच गडी ह्यूगो नावाने परतला, तोही जर्मन होऊन. नाव गेलं, देश गेला, खांदे मात्र जागच्या जागी.

अशा गड्यांना मी या पुस्तकात तोतये म्हटलं आहे. पानिपतानंतर उपटलेला सदाशिवरावभाऊंचा तोतया ‘मीच भाऊ’ असं छातीठोकपणे सांगत फिरत होता. गेममधल्या तोतयांची तऱ्हा उलटी. दिसायचं हुबेहूब त्याच्यासारखं, पण विचाराल तर ‘तो मी नव्हेच’. पाहणाऱ्याने ओळखावं, हसावं, खेळायला आणखी एक नाणं काढावं, आणि वकिलाला मात्र काही सापडू नये, अशा बेताने त्यांना घडवलेलं असतं.

हे तोतये शोधण्याचा नाद जगभर अनेकांना आहे. तो बहुतेक वेळा ‘हा अगदी अमक्यासारखा दिसतो’ इथे सुरू होतो आणि तिथेच संपतो. माझं म्हणणं एवढंच आहे की दिसण्यावर थांबलो तर यातली निम्मी गंमत हुकते, आणि निम्म्या वेळा आपण फसतो. कोण कोणासारखा दिसतो यापेक्षा कोणाकडून नेमकं काय उचललं, हा प्रश्न जास्त मजेचा आहे. कधी नुसतं नाव उचललेलं असतं, कधी पोशाख, कधी एखादा डाव, आणि क्वचित एखाद्याचं सगळं आयुष्यच.

मुळात व्यावसायिक कुस्ती ही नुरा कुस्ती. निकाल आधी ठरलेला, मल्ल हे पात्र म्हणून बेतलेले. स्टेडियमच्या शेवटच्या रांगेत, पाच-सहाशे फुटांवर बसलेल्या माणसाला चेहरा दिसत नाही, म्हणून पात्र ओळखू यावं ते केसांवरून, रंगावरून, चालीवरून. जुन्या आर्केड गेमच्या चित्रकारापुढची अडचण हुबेहूब हीच होती. हाताशी मूठभर रंग, बोटभर उंचीची आकृती, आणि तीही सतत हलणारी. तेवढ्यात डोळ्यांतला भाव कुठून आणणार? रिंगणासाठी आधीच ढोबळ करून ठेवलेली माणसं त्याला आयती मिळाली. क्रिकेटपटूचा असा तोतया करून पाहा, जमणार नाही.

एका रात्रीचा हिशेब मांडला की ही देवाणघेवाण किती दाट होती ते कळतं. २४ एप्रिल १९८९ ला न्यू जपान प्रो रेसलिंग या कंपनीने टोकियो डोममध्ये पहिल्यांदा कार्यक्रम केला. सोव्हिएत संघाचे पट्टीचे मल्ल पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या जपानी रिंगणात उतरले होते. मुख्य लढतीत १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचा ज्यूदो सुवर्णपदक विजेता शोता चोचिश्विली याने खुद्द कंपनीचा संस्थापक मल्ल अंतोनिओ इनोकी याला हरवलं. त्याच रात्री बिग व्हॅन व्हेडर हा अमेरिकी राक्षस कंपनीचा मुख्य किताब जिंकला. त्याच रात्री गो नागाईंच्या कार्टून मालिकेतला नायक लायगर मुखवटा चढवून हाडामांसाच्या रूपात रिंगणात आला. आणि सोव्हिएत पथकात व्हिक्टर झांगिएव्ह नावाचा एक मल्ल होता.

दोन वर्षांनी, १९९१ मध्ये, ‘स्ट्रीट फायटर टू’ आला. त्यातल्या रशियन पैलवानाचं कामचलाऊ नाव होतं व्होडका गोबाल्स्की. ते पुसून झांगीफ ठेवलं. पण या झांगीफचा उभा तुरा, दाढी, छातीवरचं जंगल, अस्वलांशी झुंजून पडलेले व्रण, यांतलं काहीही खऱ्या झांगिएव्हकडून आलेलं नाही. इथे उचललं ते फक्त नाव. फोटो शेजारी ठेवून ताडून पाहणारा इथे हमखास चकतो. गंमत म्हणजे खरा तोतया त्याच गेममध्ये दुसरीकडे आहे. झांगीफ जिंकला की शेवटी हेलिकॉप्टरमधून सुटाबुटातला एक टकलू गृहस्थ उतरतो आणि पैलवानासोबत गुडघे मोडून रशियन नाच करतो. तो मिखाइल गोर्बाचेव्ह आहे हे शेंबडं पोरही सांगेल.

झांगीफची दुसरी एक गोष्ट मात्र कुस्तीतून थेट आलेली आहे, ती म्हणजे त्याचा डाव. माणसाला उलटं धरून डोक्यावर आपटायचं, याला रिंगणात पाइलड्रायव्हर म्हणतात. गेममध्ये झांगीफ तोच डाव भोवऱ्यासारखा गरगर फिरत आभाळात जाऊन मारतो. तो मारायला जॉयस्टिक पूर्ण गोल फिरवून ठोशाचं बटण दाबावं लागतं. आता जॉयस्टिक वर नेली की पात्र उडी मारतं. म्हणून नवशिका गोल फिरवायला जातो, झांगीफ जागच्या जागी माकडासारखा उडतो, आणि समोरचा त्याला हवेतच झोडपतो. मुरलेला खेळाडू हे फिरवणं दुसऱ्या एखाद्या हालचालीच्या आड लपवतो. अंगाने जड, हालचालीत मंद, पण एकदा जवळ आला की सुटका नाही, हा जो पैलवानी नमुना पुढच्या बहुतेक मारामारीच्या गेमनी घेतला, तो या एका डावातून घडला. एखादं पात्र कुणाचा तोतया आहे ते ठरवताना मी चेहऱ्याआधी डाव पाहतो, त्याचं कारण हेच.

व्हेडरचा माग एसएनकेच्या ‘फेटल फ्युरी’त लागतो, सालही तेच, १९९१. त्यातला रायडन हा मुखवटा घातलेला अवाढव्य मल्ल अंगाने व्हेडर आहे. पण तो तोंडातून विषारी फवारा सोडतो, आणि फवारा काही व्हेडरचा नव्हे. ती करामत आधी ग्रेट काबुकीची आणि नंतर ग्रेट मुताची. म्हणजे धड एकाचं, तोंड दुसऱ्याचं. असे जोडकामाचे तोतये बरेच आहेत, आणि अशा ठिकाणी ‘हा व्हेडर की मुता’ म्हणून हमरीतुमरीवर येणाऱ्या दोघांचंही बरोबर असतं. त्यातही व्हेडरचं पात्र रंगवण्यात पुन्हा त्याच गो नागाईंचा हात होता. चित्रकथाकाराने मल्ल घडवला, मल्लावरून गेमवाल्याने चित्र काढलं. यात अस्सल कुणाला म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

तोतयांचा सर्वांत मोठा कारखाना मात्र मारामारीच्या गेममध्ये नव्हता, कुस्तीच्याच गेममध्ये होता. टेक्नोसच्या १९८५ च्या ‘मॅट मेनिया’त गोल्डन हल्क नावाचा सोनेरी केसांचा मल्ल आहे. हल्क होगनचा हा सरळ सरळ उचललेला नमुना. गंमत अशी, की ‘हल्क’ या नावासाठी होगनच्याच कंपनीला मार्व्हल कॉमिक्सशी करार करावा लागला होता, म्हणजे उसन्यावर उसनं. चारच वर्षांनी याच टेक्नोसला रीतसर परवाना मिळाला आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ सुपरस्टार्स’मध्ये त्यांनी खराखुरा होगन आणला. चोरी करता करता हात बसला आणि मग मालकानेच कामाला ठेवलं, असा हा मामला.

निन्टेन्डोच्या १९८६ च्या ‘प्रो रेसलिंग’मधल्या फायटर हायाबुसाचा हुकमी डाव म्हणजे उडी मारून डोक्याच्या मागे बसणारी लाथ. ती इनोकीची. किंग स्लेंडर म्हणजे रिक फ्लेअर. किन कॉर्न कार्न दोन्ही हातांनी मानेवर मंगोलियन चॉप मारतो, म्हणून तो किलर खान. आणि किलर खान हा तरी कोण? मंगोल सरदाराचं सोंग घेतलेला जपानी माणूस! हा गेम रचणाऱ्या मासातो मासुदा यांनीच पुढे ह्यूमन कंपनीत ‘फायर प्रो रेसलिंग’ ही मालिका सुरू केली, आणि तोतयागिरीची त्यांनी शाळाच काढली. तिथला इनोकी व्हिक्टरी मुसाशी म्हणून वावरतो. परवाना नाही, म्हणून नाव खोटं, मुखवट्याचा किंवा चड्डीचा रंग थोडा इकडचा तिकडे, पण डाव, चाल, लकबी सगळ्या अचूक. वर खेळाडूला नाव बदलण्याची सोय दिलेली. गेम घरी आणला की पहिलं काम म्हणजे खोटी नावं खोडून खरी भरणं. कंपनीने गुन्हा अर्धाच करायचा आणि उरलेला अर्धा गिऱ्हाइकाने आपल्या घरी पुरा करायचा, अशी ही वाटणी होती. १९९४ च्या भागाची कथा गोइची सुदा यांनी लिहिली. तिच्या शेवटच्या लढतीत समोर उभा राहतो डिक स्लेंडर, म्हणजे पुन्हा रिक फ्लेअरच. सगळं जिंकून झाल्यावर नायक आत्महत्या करतो. कुस्तीच्या गेममध्ये असा शेवट त्याआधी कोणी लिहायला धजावलं नसेल.

आता ज्या पात्रासाठी मी हे पुस्तक मुळात लिहायला घेतलं त्याच्याकडे येतो. नामकोच्या ‘टेक्केन’मध्ये, १९९४ पासून, किंग नावाचा मल्ल आहे. धड माणसाचं, डोकं जग्वारचं. हा टायगर मास्क आहे, असं कोणीही पहिल्या फटक्यात सांगतं, आणि ते खरंही आहे. पण टायगर मास्क म्हणजे तरी काय? इक्की काजिवारा आणि नाओकी त्सुजी यांची ती चित्रकथा १९६८ मध्ये सुरू झाली. नायक नाओतो दाते अनाथाश्रमात वाढलेला, वाघाचा मुखवटा घालून लढणारा, कमाई आश्रमातल्या मुलांना देणारा. १९८१ च्या एप्रिलमध्ये न्यू जपानने सातोरू सायामा या चपळ पोराला तोच मुखवटा चढवला आणि डायनामाइट किडसमोर उभं केलं. कागदावरचा वाघ रिंगणात आला तो असा. आणि याच वर्षांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, मेक्सिकोत, सेर्हिओ गुतिएरेस बेनितेस हा कॅथलिक पाद्री अनाथ मुलांचं पोट भरायला पैसे कमी पडतात म्हणून फ्राय तोर्मेंता या नावाने मुखवटा घालून खऱ्याखुऱ्या लुचा लिब्रेच्या रिंगणात लढत होता. चित्रकथेतली गोष्ट एक हाडामांसाचा धर्मगुरू जगत होता.

टेक्केनच्या किंगकडे या दोन्ही वाटा येऊन मिळतात. मुखवटा आणि डाव टायगर मास्कच्या घरातले, गोष्ट फ्राय तोर्मेंताची. किंग स्वतः अनाथ, पाद्र्यांनी वाचवलेला, लढून अनाथाश्रम चालवणारा. १९९७ च्या तिसऱ्या भागात तो मारला जातो आणि त्याच्याच आश्रमात वाढलेला मुलगा मुखवटा उचलतो. ‘किंग कुणासारखा दिसतो’ एवढंच विचारलं असतं तर उत्तर एका शब्दात संपलं असतं, आणि हा पाद्री आपल्याला कधी भेटलाच नसता. जाता जाता आणखी एक. २०१० च्या नाताळात जपानच्या माएबाशी शहरात मुलांच्या मदत केंद्राच्या दाराशी कोणीतरी दहा शालेय दप्तरं ठेवून गेलं. चिठ्ठीवर नाव होतं नाओतो दाते. मग देशभर ठिकठिकाणी त्याच नावाने भेटी येऊ लागल्या. तोतयेगिरीचा इतका चांगला उपयोग दुसरा माझ्या पाहण्यात नाही.

कुठे जपायचं तेही सांगितलं पाहिजे. ‘फायनल फाइट’चा नायक माइक हॅगर हा माजी कुस्तीगीर, भरघोस मिशांचा आणि मेट्रो सिटीचा महापौर. कुस्ती सोडून महापौर झालेला मिशाळ माणूस म्हटलं की जेसी व्हेंच्युरा आठवतो, आणि हॅगर त्याच्यावरून घेतला असं पुष्कळ जण ठासून सांगतात. पण व्हेंच्युरा मिनेसोटातल्या ब्रुकलिन पार्कचा महापौर म्हणून निवडून आला १९९० मध्ये, आणि गेम त्याच्या आदल्या वर्षीचा. रूप त्याचं असेल, महापौरपद असणं शक्य नाही. तसाच धोका सोनेरी मिशांचा. ‘वर्ल्ड हिरोज’मधला मसल पॉवर हा होगनच, त्यात वाद नाही. ‘डेड ऑर अलाइव्ह’चा बास आर्मस्ट्राँगही त्याच गोतावळ्यातला. पण म्हणून ओठाच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरलेली प्रत्येक मिशी होगनची नव्हे. तशा मिशा ठेवणारे ट्रकचालक अमेरिकेत कुस्तीगिरांपेक्षा जास्त असतील.

उलटा प्रवाहही आता जोरात आहे. केनी ओमेगा या कॅनेडियन मल्लाचा हुकमी डाव ‘वन विंग्ड एंजल’ हे नाव घेतो ‘फायनल फँटसी सेव्हन’मधल्या संगीतावरून, आणि त्याच्या गुडघ्याच्या फटक्याला ‘व्ही-ट्रिगर’ म्हणतात ते ‘स्ट्रीट फायटर फाइव्ह’वरून. ज्या पोरांनी तोतयांशी खेळून कुस्ती शिकली, ती आता अस्सल म्हणून रिंगणात उभी आहेत.

कोर्टकचेऱ्यांवर मी एक छोटं प्रकरण दिलं आहे, कारण भीती खोटी नव्हती. ‘स्ट्रीट फायटर टू’चा बॉक्सर जपानमध्ये एम. बायसन होता. माइक टायसनचे वकील दारात येतील या धास्तीने परदेशी आवृत्तीत तीन खलनायकांच्या नावांची आपसात अदलाबदल केली, आणि तो घोळ आजतागायत चालू आहे. पुढे खरोखरच खटले झाले. बुकर टी या मल्लाने ‘कॉल ऑफ ड्यूटी ब्लॅक ऑप्स फोर’मधला प्रॉफेट हा आपल्या ‘जीआय ब्रो’ या पात्राची नक्कल आहे, असा दावा लावला. दोघांच्या जटा, दंड, कपाळावरच्या आठ्या, सगळं टेक्सासमधल्या मार्शल गावच्या ज्युरीपुढे मांडलं गेलं, आणि २०२१ मध्ये ज्युरीने कंपनीच्या बाजूने कौल दिला. ‘मला तर हुबेहूब वाटतो’ एवढं कोर्टात पुरत नाही. दुसरा खटला याहून तिरपागडा. रँडी ऑर्टन हा मल्ल परवान्यासह, स्वतःच्या नावाने गेममध्ये आहे. पण त्याच्या अंगावरचे टॅटू ज्या कलाकाराने काढले तिने दावा केला, आणि २०२२ मध्ये ज्युरीने तिला ३,७५० डॉलर देवविले. माणूस स्वतःचा असला तरी त्याची कातडी पुरती त्याची नसते, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडच्या वाचकाला हा सगळा प्रकार परका वाटायचं कारण नाही. नव्वदच्या दशकात डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळलेल्या पिढीला मल्लांची उंची, वजन आणि छाती पाढ्यांपेक्षा चांगली पाठ होती. आणि १९९६ च्या ‘खिलाडियों का खिलाडी’त अक्षय कुमारने अंडरटेकरला लोळवलं, यावर शाळाशाळांतून पैजा लागल्या होत्या. तो अंडरटेकर नव्हता. तो ब्रायन ली, ज्याला १९९४ च्या समरस्लॅममध्ये अमेरिकेतही खऱ्या अंडरटेकरसमोर खोटा अंडरटेकर म्हणूनच उभा केला होता. पेशाने तोतया असलेला माणूस थेट मुंबईच्या सिनेमात आला आणि इथे खरा म्हणून खपला! गेममध्ये भारतीय मल्ल शोधणाऱ्यांसाठी ‘स्ट्रीट फायटर ईएक्स’मधला दारुण मिस्टर आहे. १९९६ चा. त्याच्यामागे कोण उभा आहे याची नावं पुष्कळ सुचवली जातात. मला एकही पटलेलं नाही, म्हणून त्याची जोडी मी लावलेली नाही.

पुस्तक कुठूनही उघडलं तरी चालेल. मात्र स्वतः एखादी जोडी लावायला बसाल तेव्हा दोघांची सालं आधी पाहा, मग डाव पाहा आणि मिशांकडे सर्वांत शेवटी वळा. पुढच्या पानांतली एखादी जोडी पटली नाही तर सरळ काट मारा आणि तुमचं नाव शेजारी लिहा. समास त्यासाठीच रुंद ठेवले आहेत.